पौष संपेपर्यंत शेवडाफुलीत

४ जानेवारी १९८८, सोमवार. नशिराबाद

खताच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी. दरवर्षी हिच्यात मी केळीला पाणी कधी सोडलं आणि खत कोणतं दिलं, एवढंच लिहितो. यंदा पहिल्याच आठवड्यात घरचं लिहायची वेळ आली, कारण घरात बोलून काही उपयोग होत नाही.

सौ. पायाला प्लास्टर घालून ओसरीवर बसली आहे आणि तिथूनच सगळं घर चालवते आहे. आज दुपारी तिने सरळ विषय काढला. कुंदाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. मग आणायला कोण जाणार?

"कोन म्हंजे? तुमीच," ती म्हणाली. "मी लंगडी. तिले भाऊ नाई. मंग काय गावच्या कोतवालाले धाडू?"

दोन वर्षं झाली, मी कुंदाशी बोललेलो नाही. भुसावळला रेल्वेच्या शाळेत शिकवायला म्हणून गेली आणि तिथल्याच एका बंगाली इंजिनिअरशी लग्न ठरवून मोकळी झाली. जात वेगळी, मासे खाणारं घर, हे सगळं गावाने बोलून घेतलं, मीही बोललो. पण मला खरं लागलं ते वेगळंच. शाळेत मार खाल्ला तरी आधी मला येऊन सांगणारी पोरगी, आणि एवढी मोठी गोष्ट तिने सगळ्यांना सांगून झाल्यावर मला सांगितली. रजिस्टर लग्नाला मी गेलो नाही. पुढे जावयाची बदली बंगालात झाली आणि कुंदा कलकत्त्याजवळ शेवडाफुली नावाच्या गावी सासरी राहायला गेली.

सौ. म्हणाली, कुंदाची एक अट आहे. आबा स्वतः आले आणि स्वतःच्या तोंडाने 'चाल घरी' म्हणाले, तरच येईन. नाहीतर तिकडे बरी आहे.

"तुला कसं कळलं?"

"फोनवर."

तेव्हा उलगडा झाला. पिंप्राळ्याला माझे मेहुणे रतिलालभाऊ यांच्याकडे फोन आहे, आणि सौ. दर महिन्याला भावाला भेटायला जाते. मला वाटायचं, या वयात भावावर केवढी माया.

मी म्हटलं, एवढा मुलूख ओलांडून तिच्या दारात उभा राहिलो म्हणजे 'चाल' म्हटल्यासारखंच झालं. तोंडाने वेगळं कशाला म्हणायचं?

"म्हना तुमी," सौ. म्हणाली. "दात नाई पडनार."

६ जानेवारी

शिरपूरहून झुंबरअक्का आली. माझी थोरली बहीण. लग्न होऊन तिकडे गेली आणि तिची बोलीही तिकडचीच झाली. सौ.चा पाय बघायला आले म्हणते, पण डोळा माझ्या पिशवीवर.

"जाय भाऊ. बठ्ठं कर, पन पोरना घर जेवानं नही. तिले पोर व्हस तवलगून नही. आपली रीत शे."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरी जेवायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको. चहापाणी चालतं, जेवण नाही. खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं. जायचं, जेवायचं नाही, लेक घ्यायची, परत फिरायचं. रीत असली की माणसाला फार बोलावं लागत नाही.

रतिलालभाऊंनी जायचं-यायचं रिझर्वेशन आणून दिलं. बारा तारखेला तिकडून परत. सौ.ने दशम्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि संक्रांत जवळ आली म्हणून तिळगुळाचा डबा बांधला. मी आपल्या वावरातला केळीचा घड पानांत गुंडाळून घेतला. सौ. म्हणाली, तिकडे केळी नसतात का? असतील. नशिराबादची नसतील.

८ जानेवारी, हावडा मेल

पहाटे भुसावळला गाडीत चढलो तर माझ्या जागेवर एक माकडटोपी झोपलेली. टोपीच्या आत सान्यालबाबू नावाचे गृहस्थ निघाले. शेजारी त्यांच्या बाई, तीन वळकट्या, एक थर्मास आणि संत्र्यांची करंडी. उजाडल्यापासून नवराबायको जे भांडायला लागले, ते मला वाटलं आता नागपूरला उतरून काडीमोडच घेतात. नंतर कळलं की भांडण नव्हतंच. अजिंठ्याचं कोणतं लेणं जास्त सुंदर, यावर चर्चा चालली होती. पाचशे कोसांवरून ही माणसं आमची लेणी बघायला येतात. मी जन्मभर नशिराबादला राहून अजिंठ्याला एकदाच गेलो, तेही एका लग्नाला, आणि जेवून परत आलो.

बाईंनी मला पुरी आणि बटाट्याची भाजी दिली. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. मग मी भाकरी आणि ठेचा काढला. सान्यालबाबूंनी ठेचा चटणीसारखा बोटभर घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि टोपी काढून त्यांनी पुन्हा मागितला. तिथून पुढे माझं काही चाललं नाही.

ही माणसं प्रश्न फार विचारतात. आपल्याकडे परक्याला आधी पाऊसपाणी विचारतात, मग गाव. इथे बाई थेट म्हणाल्या, "दादा, किधर जाएगा? क्यों जाएगा? चेहरा इतना सूखा क्यों?" गोंदियाच्या आत मी त्यांना सगळं सांगून बसलो होतो. गावात दोन वर्षांत ज्याबद्दल अक्षर काढलं नाही, ते.

"दो साल अपना बेटी से बात नहीं किया?" बाई कडाडल्या, आणि वरच्या बाकावरचा एक म्हातारा बंगालीत काहीतरी बोलत खाली उतरला. मग साऱ्या डब्याने माझा खटला चालवला. शेवटी सान्यालबाबू म्हणाले, "अच्छा, बोलके दिखाइए. बेटी को कैसा बोलेगा?"

मी घसा साफ करून म्हटलं, "चाल."

"ना ना ना! ये तो पुलिस का माफिक हुआ. फिर से."

रायपूरपर्यंत माझी तालीम चालली होती. लोकांना उद्योग नसतो हेच खरं.

९ जानेवारी, शेवडाफुली

हावड्याला उतरून मी सान्यालबाबूंना नमस्कार केला, तर ते माझी पिशवी खांद्याला लावून उभे. त्यांचं घर कलकत्त्यात दुसऱ्या टोकाला. तरी बायकोला आणि वळकट्यांना फलाटावर बसवून ते माझ्याबरोबर दुसऱ्या गाडीने इथवर आले, पत्ता विचारत विचारत मला दारात पोचवलं, आणि माझे व्याही अनादिबाबू यांच्याशी पाच मिनिटं बंगालीत बोलून आल्यापावली परत गेले. चहासुद्धा घेतला नाही. बोलणं बहुतेक हवामानाचं असावं, कारण दोघंही सारखे माझ्याकडे बघून मान हलवत होते आणि थंडी मला वाजत होती.

घर एका बोळात आहे, मागे तळं. कुंदा दारात आली. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि चालण्यात जडपणा. पायाशी वाकायला लागली तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, राहू दे, वाकू नको." दोन वर्षांनंतर तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग म्हटलं, "गाडी लेट होती." सुरुवात काही वाईट झाली नाही.

ती थांबून राहिली होती. मी केळीचा घड तिच्या सासूबाईंच्या हवाली केला.

मी मुलीकडचा. आपल्याकडे मुलीच्या बापाने सतरंजीच्या कडेला बसायचं आणि व्याही काय लावून बोलतात याची वाट बघायची. मी तयारीनेच आलो होतो. इथे अनादिबाबूंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. "बेयाईमशाय, बेयाईमशाय" करत सगळा बोळ मला बघून गेला. व्याही म्हणायची ही त्यांची रीत. मानपानाचं भांडण उकरायला जागाच मिळेना, त्यामुळे थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

अडलं ते जेवणाशी. विहीणबाईंनी ताट मांडलं. भात, डाळ, पाच तऱ्हेच्या भाज्या. मी मासे खात नाही म्हणून भांडीसुद्धा नवी आणलेली, तळाला दुकानाचा कागद चिकटलेला. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "खाबेन ना?" मी मान हलवली. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

जावई सुबीर माझ्याजवळ येऊन बसला. "आबा, आईले लय वाईट वाटून राह्यलं," तो म्हणाला. बंगाली तोंडातून आमची बोली ऐकून मला ठसकाच लागला. भुसावळात पोरगं एवढं शिकलं. "आमच्याकडे पाहुना उपाशी राह्यला तं घराचं अकल्याण व्हते म्हनतात. त्यात कुंदाले सातवा महिना. आई भ्याली."

आता आली का पंचाईत. आमच्या रितीने जेवलो तर पाप, त्यांच्या रितीने न जेवलो तर पाप. अनादिबाबू पंचांग बघायला धावले, जसं काही त्यात माझं नाव असणार होतं.

वाट काढली ती शेजारच्या पिशीमांनी. पिशीमा म्हणजे आत्या. सत्तरीच्या विधवा बाई, पांढरं लुगडं, तोंडात एक दात, आणि साऱ्या बोळाच्या आत्या. दारातूनच त्यांनी काहीतरी विचारलं आणि सगळे हसायला लागले. सुबीर म्हणाला, "त्या इचारून राह्यल्या, माह्यं घर काय तुमच्या पोरीचं घर हाये का?"

नाही बुवा. ते नव्हतं.

तेव्हा मी पिशीमांकडे जेवलो. विहीणबाई खिडकीतून बघत होत्या. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा कुठे त्या खिडकीतून हलल्या.

१० जानेवारी

बारा तारखेचं जाणं रद्द. विहीणबाईंनी सांगितलं, पौषात घरची लक्ष्मी घराबाहेर पाठवत नाहीत. त्यांचा पौष संक्रांतीला संपतो. मग माघ लागला की कुंदाचं डोहाळजेवण करणार, त्याला इथे 'साध' म्हणतात, आणि मग काय ते जाणं-येणं. मी काय बोलणार? पौषात आमच्याकडेही शुभ काही करत नाहीत. एकाची रीत दुसऱ्याने मोडायची नसते, हे कालच मी सगळ्या घराला ऐकवलं होतं. अनादिबाबूंनी आनंदाने जाऊन माझं तिकीट अठरा तारखेचं करून आणलं, कुंदाच्या आणि माझ्या नावाचं.

कुंदाच्याही नावाचं म्हणजे येणार हे ठरलंच की. मग तोंडाने म्हणायचं काय राहिलं?

११ जानेवारी

बोळभर बातमी झाली की बेयाईमशाय लेकीच्या घरी जेवत नाहीत, बाकी कुठेही जेवतात. सकाळी फिरायला निघालो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मुरमुरे दिले. पोस्टमास्तरांकडे पुरी झाली. क्लबात कॅरम खेळणाऱ्या पोरांनी घुगऱ्या खायला बसवलं. मासे विकणाऱ्या बाईने तर कमाल केली. तिच्याकडे मला देण्यासारखं काही नाही म्हणून ती बाजारात जाऊन चार वांगी घेऊन आली आणि पिशीमांकडे टाकून गेली. मुलुखात सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, कोळीण मला वांगी देते.

चहाबरोबर विहीणबाई संदेश नावाची मिठाई देतात, खजुराच्या गुळाची. हे जेवण की चहा? बराच विचार केला. चहाच्या बशीत दिलं तर ते चहात धरावं, असं ठरवलं. आज अकरा बशा झाल्या.

दुपारी पिशीमा आणि विहीणबाई तळ्याकाठी केळफूल सोलत बसल्या होत्या. याला मोचा म्हणतात. एकेक पाकळी उघडायची, आतल्या प्रत्येक फुलातला कडक दांडा वेचून काढायचा. दोघींची अर्धी दुपार एका केळफुलात गेली. मी सहज म्हटलं, आम्ही घड निसवला की केळफूल कापून बांधावर फेकतो. गाड्याच्या गाड्या. सुबीरने ते बंगालीत सांगितलं मात्र, पिशीमांनी कपाळावर हात मारला. अनादिबाबू आत होते, ते बाहेर येऊन म्हणाले, "गाड्या?" तिथून आलेल्या-गेलेल्याला माझी ओळख अशी करून देतात. हे आमचे बेयाई, हे मोचा फेकतात. लोक माझ्याकडे दयेने बघतात.

रात्री ती भाजी पिशीमांच्या ओट्यावर खाल्ली. तीस वर्षं मी काय फेकत होतो ते कळलं.

१३ जानेवारी

आज नवल झालं. पिशीमांनी जेवायला वांग्याचं भरीत वाढलं. अगदी आपलं! वांगं भाजून बडग्याने ठेचलेलं, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल. कळण्याची नाही, पण ज्वारीसारखी काहीतरी जाड भाकरीही होती. बंगालमध्ये असं भरीत करतात हे मला माहीत नव्हतं. पिशीमा कांद्याला शिवतही नाहीत असं सुबीर म्हणाला होता. तो चुकला असेल. जावई माणूस, त्याला चुलीतलं काय कळतं.

मीठ मात्र बेताचं. कुंदालाही ही खोड आहे, मीठ हात राखून घालते. तेवढं सोडलं तर पिशीमांचा हात फार गोड.

संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर मी तसं बोलून दाखवलं. पिशीमा पदरात तोंड घालून हसल्या. विहीणबाई हसल्या. कुंदा तर इतकी हसली की तिला पाठीला हात लावून बसावं लागलं. इथे आल्यापासून तिला पहिल्यांदाच असं हसताना पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईची स्तुती केली यात हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे. पण बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सबंध बोळात आज गूळ आणि नारळाचा वास आहे. पिठे नावाचे पदार्थ करतात, तांदळाच्या पिठाचे, दुधात सोडलेले. पिशीमांकडे मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

मी सौ.चा डबा काढला आणि घरोघर तिळगूळ वाटला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." कुणाला शब्द कळले नाहीत, पण कॅरमच्या पोरांनी ते पाठ केलं आणि दिवसभर मला बघितलं की ओरडत होती.

शेवटी कुंदाकडे गेलो. ती तळ्याच्या पायरीवर उन्हात बसली होती. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "गोड बोल."

तिने वर बघितलं. "तुमीच बोला ना आबा, पह्यले."

मी म्हटलं, "ऊन गेलं. आत बस, गारठा बाधेल."

आणि परत आलो. आता लिहिताना स्वतःचाच राग येतो आहे. केळीचा भाव ठरवताना व्यापाऱ्याला तासभर ऐकवणारा माणूस मी. एक शब्द आहे, दोन अक्षरी. रायपूरपर्यंत म्हणत आलो. तिच्यासमोर गेलो की जीभ टाळ्याला चिकटते, कारण म्हटलं आणि ती 'नाही' म्हणाली तर? मग मी कुठे जाऊ? हे सौ.ला सांगता येत नाही. इथे लिहून ठेवतो.

१६ जानेवारी

आज मी जरा लवकर, तळ्याकडच्या बाजूने पिशीमांकडे गेलो.

पिशीमा आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या. अंगणात मातीची शेगडी. तिच्यासमोर पाटावर कुंदा. भाकरी थापत होती. विहीणबाई तिच्याशेजारी उभ्या राहून पंख्याने धूर दुसरीकडे घालवत होत्या, म्हणजे पोटातल्या बाळाला त्रास नको. मध्येच त्यांनी पदराने कुंदाचा घाम पुसला. कुंदाने चटणीला बोट लावून त्यांना चाखायला दिलं, त्या हा हू करत नाचल्या, आणि तिघीही हसत सुटल्या.

मी तसाच मागे फिरलो. तळ्याला एक फेरी मारली. म्हणजे तो हात कुंदाचाच. म्हणजे इतके दिवस या बायका एका माणसाची रीतही राहावी आणि पोटही भरावं म्हणून सगळा संसार भिंतीपलीकडे नेत होत्या, आणि मी तो शहाणा, पिशीमांना शाबासकी देत होतो.

संध्याकाळी सुबीरला विचारलं. तो आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला, विहीणबाई मी आल्यापासून, मी तिकडे जेवून हात धुतल्याशिवाय इकडे घास घेत नाहीत. आणि घरात मासा आलेला नाही. "बाबा कुरकुरून राह्यले," तो म्हणाला, "पन आईसमोर नाई."

माझ्या मनात आलं, ही बाई माझ्या लेकीला सासरी अशी ठेवते. आणि मी दोन वर्षं ओसरीवर बसून तिच्या हालांची कल्पना करत होतो. खूप आनंद झाला आणि खूप लाजही वाटली. दोन्ही एकदम होतात हे मला ठाऊक नव्हतं.

जेवायच्या वेळी गेलो. काही पाहिलं नाही असं दाखवलं. तीन भाकरी खाल्ल्या. "पिशीमा, आज मीठ बरोबर आहे," म्हटलं. खरं तर आजही कमी होतं.

१७ जानेवारी, रविवार

आज साध झाली.

मधल्या खोलीत कुंदाला नवं लाल काठाचं लुगडं नेसवून बसवलं होतं. समोर समई, आणि ताटाभोवती इतक्या वाट्या की ताट दिसेना. आज मासाही होता. मीच सुबीरला म्हटलं होतं, तिच्या डोहाळ्यांच्या दिवशी माझ्यासाठी काही अडवू नका. बायकांचा कार्यक्रम, म्हणून मी बाहेर अनादिबाबूंबरोबर बसलो होतो. तेवढ्यात पिशीमांची हाक आली. बापाने आशीर्वाद द्यायचा.

आत गेलो. सगळ्या बायका भिंतीला सरकल्या. पिशीमांनी माझ्या हातात दुर्वा आणि साळीचे दाणे ठेवले, डोक्यावर ठेवायचे म्हणून खूण केली. मी ठेवले. हात तिच्या डोक्यावरून काढायला पाहिजे होता, तो निघेना. लहानपणी ताप आला की असाच हात ठेवून बसायचो. ती खाली मान घालून बसली होती.

"चाल वं माय," मी म्हटलं. "घरी चाल."

आवाज पोलिसासारखा झाला की कसा, ते माहीत नाही. कुंदाने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि डोक्यावर तसाच दाबून ठेवला. ती रडत होती.

पिशीमा पुढे वाकून विहीणबाईंना म्हणाल्या, "बोलेछे?" विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बोलेछे." दारातल्या बाईने मागे वळून सांगितलं, "बोलेछे!" आणि तो शब्द अंगणातून बोळात, बोळातून क्लबात गेला. म्हणाले! म्हणाले! बायकांनी जिभा हलवून तो त्यांचा उलुध्वनी केला, कुणी शंख फुंकला, बाहेर कॅरमची पोरं "गोड बोला, गोड बोला" करून नाचायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सान्यालबाबू त्या दिवशी हवामान सांगत नव्हते. मी कशाला आलो आहे, काय म्हणायचं आहे आणि ते मला म्हणता येत नाही, हे कोळिणीपासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळा गाव वाट बघत होता, आणि एकाने मला टोकलं नाही. जेवू घालत राहिले.

"लय टाइम लावला आबा," कुंदा म्हणाली. मग तिने पायेशची, म्हणजे तांदळाच्या खिरीची वाटी उचलली, चमचा भरून माझ्यासमोर धरला. "आता हे खा. आठी, माह्या घरात. तरच येते."

अक्का डोळ्यांसमोर आली, शिरपूरच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी हात छातीशी घट्ट धरले होते.

मी तोंड उघडलं. वाटी संपवली. मग जमिनीवर मांडी घालून लेकीच्या घरी पोटभर जेवलो, विहीणबाईंनी वाढलेलं. अक्काला मी सांगणार आहे. ती जे बोलेल ते ऐकून घेणार आहे.

उद्या गाडी. आता कंदिलाशी बसून हे लिहितो आहे. वीज गेली आहे. पलीकडे विहीणबाई कुंदाची पेटी भरताहेत. लोकरीचे मोजे घातले, खजुराच्या गुळाची ढेप घातली, दुपटी घातली. मग मोजे काढले, हातात घेऊन बसल्या, पुन्हा घातले. पुन्हा काढले. दोन दिवस हेच चालू आहे असं सुबीर म्हणतो. त्यांना वाटतं कुणी बघत नाही.

मघाशी मी उठून दारात गेलो. बंगाली मला येत नाही, हिंदी त्यांना येत नाही. आठवडाभर जो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता, तो आता कसा सहज आला.

"चला," मी म्हटलं. "तुम्ही पण चला."

त्यांनी मोजे खाली ठेवले. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, "आमि?"

"हो, तुम्हीच," मी म्हटलं. "लेक एकटी कशी येईल? चला."